बुलेटचं हँडल, साडेतीन हजारांचा डँपर आणि एक वजनकाटा

७ जानेवारी २०२४, रविवार

काल संध्याकाळी कागलहून कोल्हापूरला परत येत होतो. उसाची ट्रॉली मागे टाकली, थ्रॉटल सोडला आणि चष्म्यावरची धूळ पुसायला डावा हात उचलला. दोन सेकंदही झाले नसतील, हँडल फडफडायला लागलं. आधी बारीक, मग चांगलंच. हात परत टेकवला तसं गप्प. ट्रॉली मागून येतच होती, म्हणून जास्त घाबरलो.

गाडी १९९६ची बुलेट स्टँडर्ड ३५०. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात, दोन्ही चाकं १९ इंची. धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. मागच्या कॅरियरवर पत्र्याची पेटी, तिच्यात हत्यारं आणि शिक्का मारलेली लोखंडी वजनं. रोज गूळ मार्केट, आठवड्यातून एकदा कागल-निपाणी.

हे पहिल्यांदाच होतंय असं नाही. दिवाळीच्या सुमारास हलकं जाणवलं होतं. तेव्हा वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने "कोनसेट लूज आहे" म्हणत (कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते छर्ऱ्यांचं बेअरिंग) छिन्नी-हातोडीने दोन ठोके घातले आणि नट आवळून दिला. पंधरा-वीस दिवस गाडी गप्प होती. मी विसरलो.

पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, स्टिअरिंग डँपर टाका. मोठ्या गाड्यांना कंपनीच लावून देते." डँपर म्हणजे हँडलचे झटके दाबणारी नळी. पुतण्याकडे केटीएम मोटरसायकल आहे, त्याला स्वतःलाही एक घ्यायचाच आहे. साडेतीन हजारांचा मिळतो म्हणे. मागवायचा का, हा प्रश्न आज लिहून ठेवतो. उत्तर मोजल्याशिवाय द्यायचं नाही, नाहीतर मी काटेवाला कसला.

१४ जानेवारी

पहाटे साडेसहा, महामार्गाचा रिकामा पट्टा. मोबाइल टाकीवर पट्ट्याने बांधला, कॅमेरा हँडलकडे, सेकंदाला २४० फ्रेम. हँडलच्या डाव्या टोकामागे स्टीलची पट्टी उभी केली, म्हणजे टोक किती हलतं ते मिलिमीटरमध्ये वाचता येईल. वेग जीपीएसवर. पेटीत नेहमीचं सगळं ओझं, १४ किलो. ७५ पर्यंत जायचं, थ्रॉटल पूर्ण सोडायचा, आणि तळवे ग्रिपपासून बोटभर वर धरून गाडी आपोआप ४० पर्यंत येऊ द्यायची. हात लांब न्यायचे नाहीत. पुतण्या मागे बराच अंतर ठेवून.

तीन फेऱ्या. तिन्ही वेळा ६२ला सुरू, ५५ला सगळ्यात जास्त, ४८ला बंद. हँडलचं टोक जास्तीत जास्त २६ मिमी हललं.

घरी येऊन फ्रेम मोजल्या. एक पूर्ण हेलकावा, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि परत, ३२ फ्रेममध्ये. सेकंदाला साडेसात. आकडा आला आणि बरं वाटलं, कारण त्यावरून रोगाचं नाव कळतं. मोटरसायकल दोन तऱ्हेने हलते. एकात फक्त पुढचं चाक आणि हँडल फडफडतं, जलद. दुसऱ्यात अख्खी गाडी सापासारखी डुलते, सावकाश, सेकंदाला दोन-तीन-चार वेळा. आर. एस. शार्प या ब्रिटिश अभियंत्याने १९७१ साली याचं गणित मांडलं. पहिल्याला वॉबल म्हणतात, दुसऱ्याला वीव्ह. माझा वॉबल.

मग अंगणात खडूने टायरवर खूण केली आणि गाडी एक वेढा ढकलली. २ मीटर २ सेंटिमीटर. ताशी ५५ म्हणजे सेकंदाला १५.२८ मीटर. भागिले २.०२. साडेसात वेढे!

चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं तेव्हाच हँडल सेकंदाला साडेसात वेळा फडफडतं. झोपाळ्याला त्याच्याच तालात ढकलावं तसं काहीतरी चाक दर वेढ्याला ढकलतंय. ६२च्या वर आणि ४८च्या खाली ताल जमत नाही, म्हणून गप्प.

हे आज कळलं होतं. तरी डँपर मागवला. वहीत खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: पुतण्याने फोनवर फोटो दाखवला, सोनेरी रंगाचा होता.

२० जानेवारी

डँपर आला. एका नळीत तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोक. दांडी सावकाश ढकलली तर जाते, झटक्यात ढकलली तर अडते. टोकाला फिरवायचा नॉब, १६ क्लिक. हाताला खेळवत बसलो अर्धा तास.

बुलेटला बसेल असा ब्रॅकेट बाजारात नाही. उद्यमनगरात लेथवर एक क्लॅम्प फोर्कच्या नळीसाठी आणि एक चेसिसच्या पुढच्या पाइपसाठी करून घेतला. बसवून हँडल पूर्ण डावीकडे नेलं तर लॉकला (हँडल वळून जिथे थांबतं त्या टोकाला) टेकायच्या आधीच डँपरची दांडी संपली. दांडीची चाल ७५ मिमी, मला लागत होती ८२. असाच रस्त्यावर गेलो असतो तर यू-टर्नला हँडल मध्येच अडकून आडवा झालो असतो. डँपरने कधीही हँडलचा लॉक व्हायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. दांडीच्या टोकाकडे बघून कळलं.

क्लॅम्प आत, स्टिअरिंगच्या आसाजवळ सरकवला. आता चाल पुरते, पण जोर कमी होतो, आणि साधा नाही, वर्गाने. आसापासूनचं अंतर निम्मं केलं तर डँपिंग चौथ्या हिश्श्यावर. म्हणजे नॉबवरचे सोळा क्लिक कुठे बसवलंय त्यावर अवलंबून, एकाची सेटिंग दुसऱ्याच्या गाडीला सांगण्यात काही अर्थ नाही.

२१ जानेवारी

तोच पट्टा, तेच ओझं. सहाव्या क्लिकला ५५ वर ३ मिमी. जवळजवळ काहीच नाही. पुतण्या हेल्मेटच्या आतून काय ओरडला ते ऐकू आलं नाही, पण अंगठा वर होता.

बाराव्या क्लिकवरही बघितलं. ८५ला मोठ्या पुलाच्या जोडावरून गेलो आणि अख्खी गाडी कमरेतून डुलली, सावकाश, दोन-तीनदा, मग थांबली. फडफड नव्हे, दुसरी जात. शार्पच्या गणितात हेही आहे: स्टिअरिंगला डँपिंग वाढवलं की वॉबल मरतो, पण वीव्ह जागा होतो. त्या क्षणी ते गणित पाठीच्या कण्यातून वाचलं.

परत येताना गंगावेशीत गर्दी. माणसाच्या चालीने जाताना गाडी सरळ ठेवायला आपण हँडल सतत बारीक-बारीक इकडेतिकडे करतो, नकळत. बाराव्या क्लिकवर ते करता येईना. दुरुस्ती उशिरा पोचते, मग जास्त होते, मग उलटी करावी लागते. एक आजी छत्रीचं टोक पुढे धरून म्हणाल्या, "सकाळी सकाळी घेतलीस व्हय रे?"

सहावर आणून ठेवला.

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. पाच दिवस सहाव्या क्लिकवर चालवली, तक्रार नाही. मिस्त्रींना दाखवायला मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. उद्यमनगरात चाळीस वर्षं बुलेट खोलणारा माणूस. डँपर बघून हसले नाहीत, हेच वाईट लक्षण.

"पयला तो काढा," म्हणाले. इंजिनाखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं. त्यांनी हँडल एका बोटाने सावकाश फिरवलं, मग मला फिरवायला लावलं. बरोबर मध्यावर हँडल एका खळग्यात बसतं. कट्. कपाटाच्या दाराला मॅग्नेट असावा तसं. बाहेर काढायला जोर लागतो, पुढे मोकळं.

किती जोर? माझा लटकता काटा पेटीत होताच. हँडलच्या टोकाला हूक अडकवून आडवं ओढलं. मध्यातून सुटायला १ किलो ९०० ग्रॅम. त्याच्या पलीकडे ७००. मिस्त्रींनी आकडा दोनदा विचारला. कोनसेटचं वजन कुणी घेतलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग फोर्कचे पाय धरून पुढे-मागे हलवले. ढक. ढक. म्हणजे मध्यावर अडकतंही आणि खेळही आहे.

"ताप उतरला न्हाई, थर्मामीटर तेवढं फेकून दिलासा," मिस्त्री म्हणाले. मग आतून एक जुना डबा आणला. त्यात फायबरच्या दोन चकत्या, एक लांब दांडी आणि वर काळा नॉब. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांवर असायचा तो घर्षणाचा डँपर: दांडी स्टिअरिंगच्या पोटातून खाली जाते, नॉब आवळला की खाली चकत्या दाबल्या जातात आणि हँडल जड होतं. "साइडकार लावली की आवळायचा, काढली की ढिला," ते म्हणाले. साइडकारला त्याची खरी गरज, तिथे हळू वेगातच हँडल थरथरतं. "एकट्या गाडीला आवळून फिरणारं मी येकच बघितलं. त्येचा कोनसेट गेलेला."

मग त्यांनी विचारलं, दिवाळीत नट कुणी आवळला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. छिन्नीने प्रमाणाबाहेर आवळलेला कोनसेट म्हणजे दुसरं काय? घर्षणाचा डँपरच. वीस दिवस गाडी गप्प होती ती त्यामुळे. त्या वीस दिवसांत आवळलेल्या छर्ऱ्यांनी प्रत्येक स्पीडब्रेकरला रेसमध्ये (छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्यात) खड्डे पाडले, आणि खड्डे पडल्यावर खेळ आला. आता त्याच्यावर मी साडेतीन हजारांचा दुसरा डँपर लावून बसलो होतो.

२८ जानेवारी

कोनसेट खोलला. बुलेटला हे काम चिवट. हेडलाइटचा डूम हाच वरचा टी (फोर्कच्या नळ्या वरून धरणारा भाग), एकच ओतीव तुकडा, त्यामुळे स्पीडोमीटरची केबल, अँपिअर मीटरच्या वायरी, हेडलाइट, सगळं सोडवल्याशिवाय तो उठत नाही. वायरींचे फोटो काढून ठेवले. तरी एक पिवळी उरलीच.

खालची रेस रॉकेलने धुऊन उन्हात धरली. छर्ऱ्याएवढ्या अंतरावर ओळीने खड्डे, आणि पुढच्या-मागच्या बाजूचे सगळ्यात खोल. नखाने जाणवतात. ग्रीस म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, काळी खळ होती.

छर्ऱ्यांच्या जागी टेपर रोलर घातले. छर्रा रेसला टिंबाएवढा टेकतो, रोलर रेघेएवढा. धक्का वाटला जातो. नट आवळताना मिस्त्रींची पद्धत: आधी जरा जास्त आवळून हँडल दहा वेळा लॉक टू लॉक फिरवायचं, मग ढिला करायचा, मग पुन्हा हळूहळू. ढकढक गेली पाहिजे आणि चाक अधांतरी असताना हँडल मध्यापासून जरा ढकललं की स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. काट्यावर मध्यातही ६५०, बाजूलाही ६५०.

४ फेब्रुवारी

डँपरशिवाय चाचणी. २२ मिमी.

फार निराश झालो. एवढा खटाटोप करून चार मिलिमीटर. रस्त्याच्या कडेला चहा घेत मिस्त्रींना फोन केला. ते खुशीत. "आता खरा आजार दिसाय लागला. इतके दिवस कोनसेटनं झाकलेला. चाक आणा."

घरी खडूचा आकडा समोरच होता. साडेसात वेढे, साडेसात हेलकावे. मी तीन आठवड्यांपूर्वीच लिहिलं होतं की चाक ढकलतंय, आणि चाक सोडून सगळं बघितलं.

११ फेब्रुवारी

पुढचं चाक काढलं. स्टँडवर फिरवून फोर्कला खिळा टेकवला: रिम बाजूला ४ मिमी आउट, म्हणजे वाकडी. तीन स्पोक सैल, एकाला वाजवलं तर ठण ऐवजी थड.

चाक मोकळं सोडलं तर दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबते. टायर उतरवला. आत गेटर (चिरेला आतून लावतात तो जाड तुकडा)! ऑगस्टमध्ये गगनबावड्याच्या वाटेवर पावसात पंक्चर झालं होतं, टायरला बोटभर चीर होती, पंक्चरवाल्याने आतून जाड गेटर टाकून कोल्हापूरपर्यंत पोचवलं होतं. "घरी गेल्यावर टायर बदला" असं तो म्हणालाही होता. त्याचा दोष नाही.

गेटर काट्यावर ठेवला. ८४ ग्रॅम.

८४ ग्रॅम म्हणजे काय, एक मध्यम कांदा. पण तो आसापासून ३० सेंटिमीटरवर, सेकंदाला साडेसात वेढे. गणित केलं तर बाहेर ओढणारा जोर ५६ न्यूटन येतो, म्हणजे साडेपाच किलोंच्या वर. साडेपाच किलोचा दणका, दर वेढ्याला एक. रिम आउट असल्याने तो मधल्या रेषेवर न पडता हँडलला पिळतही होता. हे कागदावर बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मग आधी चाक का नाही बघितलं?" या प्रश्नाला वहीत जागा सोडलीय.

रिमचं काम माझ्या हातचं नव्हे. आउट काढणाऱ्याने पाऊण तासात आणलं, चावी स्पोकला लावायच्या आधी नखाने वाजवून ऐकतो, बघत राहावं. अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

१८ फेब्रुवारी

नवा टायर, ३.२५-१९, रिबचा. हवा तपासली. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश चांगले. चेन ओढताना मागचं चाक वाकडं बसू नये म्हणून दोन्ही चाकांना दोरी लावून सरळ केलं. चाचणी: ४ मिमी.

२५ फेब्रुवारी

उरलेले ४ मिमी पेटीचे. वजनं बाहेर काढून गेलो तर पट्टीवर काही वाचता येईना. वजनं परत घातली, ४. मागच्या आसाच्याही मागे, उंचावर चौदा किलो, म्हणजे पुढचं चाक तेवढं हलकं, आणि मागून कुणी शेपूट धरून हलवावं तसं.

लोखंडी वजनं आता बाजूच्या दोन पिशव्यांत, आसाच्या पुढे, खाली, दोन्हीकडे सारखी. वरच्या पेटीत फक्त मल्टिमीटर, लोडसेल आणि डबा. पट्टीवर शून्य म्हणणार नाही, पण माझ्या डोळ्याला दिसत नाही.

३ मार्च

निपाणीपर्यंत जाऊन आलो, डँपर नाही. उतारावर थ्रॉटल सोडून ६५वरून ४५पर्यंत आलो, हात हलके ठेवून. काही नाही. चष्मा पुसला नाही, ती सवय सोडली.

पुतण्या नाराज. त्याचं म्हणणं, मग कंपन्या लावतात त्या वेड्या का? वेड्या नाहीत. सुझुकीची टीएल१०००एस १९९७ साली आली तेव्हा हँडलच्या झटक्यांसाठी बदनाम झाली आणि कंपनीला नंतर तिच्यावर डँपर बसवावा लागला. कावासाकीच्या झेडएक्स-१०आरवर ओहलिन्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक डँपर येतो, तो वेगाप्रमाणे आपोआप कमीजास्त होतो, म्हणजे गंगावेशीत हलका आणि मोठ्या वेगाला जड. त्या गाड्यांचा फोर्क उभा, ट्रेल (स्टिअरिंगच्या आसाची रेघ जमिनीला मिळते तिथून चाक जेवढं मागे टेकतं ते अंतर) कमी, आणि इंजिनात एवढी ताकद की उंचवट्यावर थ्रॉटल दिला की पुढचं चाक रस्ता सोडतं. परत टेकताना जरा तिरपं टेकलं की हँडल एका लॉकवरून दुसऱ्यावर आपटतं. तिथे निर्दोष गाडीलाही डँपर लागतो. डाकार रॅलीच्या गाड्यांना लागतो, दगड चाकाला लाथ मारतात म्हणून. माझ्या बुलेटचं पुढचं चाक वर उचलायचं तर जॅक लागतो.

हे सगळं त्याने ऐकलं आणि विचारलं, "मग तुमचा मला द्या ना."

१० मार्च

देतो म्हटलं, पण आधी काटा. त्याची केटीएम अंगणात पॅडॉक स्टँडवर चढवली, पुढचं चाक अधांतरी, हँडलच्या टोकाला हूक. त्याला वाटत होतं मी गंमत करतोय.

बाजूला ५००. मध्यावर १ किलो ४००, आणि तो ओळखीचा कट्.

त्याने स्वतः तीनदा करून बघितलं. गाडी घेऊन दोनच वर्षं झालीत म्हणाला. मग गप्प बसून हँडल मध्यावर आणायचा, सोडायचा, आणायचा, सोडायचा.

डँपर पेटीतच आहे. मिस्त्रींना फोन लावला, मंगळवारी या म्हणाले.